पहिले सहा रविवार गावातच

तू फोनवर पहिला प्रश्न विचारलास तो शाळेचा नव्हता, राहण्याखाण्याचाही नव्हता. "मावशी, पहिल्या शनिवार-रविवारी कुठं जाऊ? झांझिबार जमेल का?" मी हसण्यावारी नेलं, कारण तिथल्या तिथं खरं उत्तर दिलं असतं तर तू खट्टू झाली असतीस. उत्तर असं आहे: कुठंही जाऊ नकोस. पहिले सहा रविवार गावातच राहा. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे बॅग भरण्यापासून.

मी २०१८ च्या जानेवारीत टांझानियाला गेले. मोशी शहराच्या वर, किलिमांजारोच्या उतारावरच्या एका माध्यमिक शाळेत दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि २०१९ च्या डिसेंबरात परतले. तू आता त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर गणित शिकवायला निघालीस. माझं अर्धं बोलणं तुला आत्ता पटणार नाही. चालेल, तिथं गेल्यावर आठवेल.

आधी कागद. स्वयंसेवा फुकट असली तरी तिथल्या कायद्याच्या लेखी ते कामच आहे, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. स्वयंसेवकांना 'सी' वर्गाचा रहिवास परवाना लागतो. मला बोलावणाऱ्या संस्थेनं "या तर खरं, मग बघू" म्हणून पर्यटक व्हिसावर बोलावलं, आणि पहिले दोन महिने मी फळ्यासमोर उभी राहण्याऐवजी कार्यालयांच्या बाकांवर बसून काढले. तेव्हा परवान्याचं काय झालं ते तिकिटाआधी लेखी विचार. परवाना हातात आला की त्याची प्रत कायम जवळ ठेव. अभयारण्यांच्या दारात परदेशी पाहुण्याचा दर वेगळा आणि परवानाधारक रहिवाशाचा वेगळा असतो. प्रत घरी विसरलीस तर पाहुण्याचा दर भरशील.

पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घे. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, त्यामुळे ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच बांधून ठेव. सुट्टीत नैरोबीला चार दिवस राहून तू कार्डाशिवाय भारतात उतरलीस तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

सामानात कॅरीबॅगा नकोत. १ जून २०१९ पासून तिथं त्यांच्यावर बंदी आहे. मी तिथंच होते. एका आठवड्यात बाजारातून निळ्या-काळ्या पिशव्या नाहीशा झाल्या आणि सगळ्यांच्या हातात टोपल्या आल्या. आपल्याकडची बंदी आठवून मी आधी मान हलवली होती, ती चुकीची ठरली. कपडे जुन्या उशांच्या अभ्र्यांत बांध. प्लग तिथं इंग्रजी पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे. आपला गोल पायांचा प्लग तिथं बसेलच असं नाही, म्हणून दोन अडॅप्टर घे. स्वेटर घे, आणि "आफ्रिकेत कसला स्वेटर" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. माझं गाव चौदाशे मीटरवर होतं, म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर. जून-जुलैत तिथं दिवसच्या दिवस धुकं असतं आणि वाळत घातलेली चादर तीन दिवस ओली राहते.

आणि कुकर. तीन लिटरचा, आपला साधा शिटीचा. घरोघरी जिको, म्हणजे कोळशाची शेगडी. राजम्यासारखी घेवड्याची उसळ, तिकडे तिला 'महारागे' म्हणतात, ती रोजच्या जेवणात असते आणि शिजायला दोन-तीन तास घेते. चौदाशे मीटरवर पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे दाणा आणखी हट्टी होतो. हा धडा मी पुस्तकातून तेहतीस वर्षं शिकवला होता आणि शेगडीपुढे बसून पहिल्यांदा शिकले. माझ्या कुकरची पहिली शिटी झाली तेव्हा शेजारच्या घरातली पोरं ओरडत अंगणाबाहेर पळाली होती. महिन्याभरात तीच पोरं शिट्या मोजायला यायला लागली, आणि त्यांची आई भिजवलेले दाणे घेऊन. माझी तिथली सगळी ओळखपाळख त्या कुकरभोवती झाली. त्याची गोष्ट पुन्हा येईल.

आता तिथली वेळ. हे नीट वाच, कारण यात मी पहिल्याच महिन्यात फसले. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्यानं सूर्य बारा महिने सहा-साडेसहाला उगवतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. आठ वाजता दोन, नऊ वाजता तीन. आपल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत असत, तेव्हा कल्पना काही परकी नाही, पण मनगटावरचं घड्याळ घोटाळा करतं. मला कुणी सांगितलं, बस बाराला आहे. मी डबा बांधून दुपारी बाराला स्टँडवर हजर. बस सकाळी सहालाच गेली होती, कारण त्यांचे बारा म्हणजे आपले सहा. युक्ती सोपी आहे: तास काटा जिथं असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाच. आणि तिकिटावर काहीही लिहिलेलं असो, तोंडी विचार की स्वाहिली वेळ की इंग्रजी, सकाळ की संध्याकाळ.

भाषा शिक, शाळेत इंग्रजी चालतं म्हणून टाळू नकोस. तू समजतेस तितकी ती परकी नाही. पेसा म्हणजे पैसे, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, चाय म्हणजे चहा, बिमा म्हणजे विमा, लाकी म्हणजे लाख. चपाती, पिलाऊ, कचुंबारी यांचा अर्थ सांगायलाच नको. तीनचाकी रिक्षेला तिथं 'बजाजी' म्हणतात, कंपनी कुठलीही असली तरी. आकुर्डीच्या बजाजचं नाव तिथं सामान्यनाम होऊन बसलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण शब्दांपेक्षा नमस्कार महत्त्वाचा. वयानं मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. हे चुकलं तर बाकीचं व्याकरण कितीही बरोबर असो, उपयोग नाही. त्यानंतर हाबारी, म्हणजे खबरबात: सकाळची, घरची, कामाची, मुलांची. प्रत्येकीला उत्तर 'न्झुरी', छान. घरात कुणी आजारी असलं तरी आधी न्झुरी, मग आजार. मी आपल्या सवयीनं दुकानात शिरले आणि थेट साखरेचा भाव विचारला. दुकानदारीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मान तिरकी केली आणि सावकाश म्हणाल्या, "शुभ सकाळ, म्वालिमू." म्वालिमू म्हणजे शिक्षक. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्यरेरे हेही मुळात शिक्षक, त्यांना सगळा देश अजून म्वालिमूच म्हणतो. तेव्हा त्या हाकेला वजन आहे, आणि ते वजन असलेली बाई नमस्कार न करता साखर मागत होती. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

'पोले' हा शब्द मला फार आवडतो. तू ठेचकाळलीस, शिंकलीस, हातात जड पिशवी असली, चढ चढून धापा टाकत आलीस, की समोरचा म्हणतो, पोले. ही माफी नाही, तुझा त्रास मला दिसला एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडे याला नेमका शब्द नाही; आपण अशा वेळी "बघून चालता येत नाही का?" म्हणतो.

कुणाच्या दारात गेलीस तर बाहेरूनच 'होदी' म्हण, आतून 'करिबू' आलं की मगच पाऊल आत. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. किलोभर साखर किंवा कपड्याच्या साबणाची वडी पुरे. निघताना घरचं माणूस तुझ्याबरोबर बरंच अंतर चालत येईल. त्याला कुसिंदिकिझा म्हणतात. "कशाला, जाते मी" असं म्हणू नकोस, तो अपमान होतो. आपल्या आजीच्या वेळी पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला जात, तसं चाल त्यांच्याबरोबर गप्पा मारत.

जेवणात तुझं बरं चालेल. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट, बिनमिठाची उकड. उजव्या हातानं गोळा करून अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि भाजीत बुडवायचा. माझ्याबरोबरच्या युरोपियन मुलींना हे जमायला महिना लागला, मला पहिल्याच घासाला शाबासकी मिळाली. मचिचा म्हणजे आपल्या माठाच्या जातीची पालेभाजी. किनाऱ्याकडे गेलीस तर नारळाच्या दुधातला भात आणि उसळ मिळेल. कोकणातल्या माणसाला त्यात नवं काही वाटणार नाही. तू शाकाहारी आहेस, म्हणून एक सांगते. "न्यामा खात नाही" एवढंच म्हणालीस तर आनंदानं कोंबडी वाढतील, कारण न्यामा म्हणजे बकऱ्याचं, गाईचं मांस. कुकू म्हणजे कोंबडी आणि सामाकी म्हणजे मासा, ते वेगळे. तिन्ही नावं घेऊन नाही म्हण. समारंभात म्बेगे समोर येईल, केळी आणि नाचणीची आंबूस दारू, दुधी भोपळ्याच्या जातीच्या वाळक्या पात्रातून. प्यायची नसेल तर ओठ लावून पुढे दे. ओठही न लावता नाकारणारीला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

तब्येतीचं थोडक्यात. मलेरियाचा डास रात्री चावतो, तेव्हा मच्छरदाणी संध्याकाळीच सोड. वर डोंगरात डास कमी म्हणून गाफील राहशील आणि शनिवारी खाली उतरून घेऊन येशील. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घे, उद्यावर टाकू नकोस. भारतात परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना आधी टांझानिया सांग. पाणी उकळूनच पी. गोड्या पाण्याच्या संथ तळ्यांत पाय घालू नकोस, गोगलगाईंमधून पसरणारा बिलहार्झिया नावाचा जंत कातडीतून आत शिरतो. अनवाणी फिरू नकोस, पिसवा नखाखाली घर करतात. आणि बाहेर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्याला इस्त्री कर, आतल्यासुद्धा. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत एक माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते आणि अळी अंगात शिरून गळवासारखी वाढते. कोळशाच्या इस्त्रीची धग तिला पुरते. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री दोन वाजता उठून गाऊनला इस्त्री केली होती.

शाळेबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगते. तिथं प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक सगळं इंग्रजीत. म्हणजे फॉर्म वनमध्ये आलेलं पोरगं अचानक परक्या भाषेत गणित ऐकतं. मान हलवतं, वहीत सगळं उतरवतं, कळलेलं काही नसतं. मराठी माध्यमातून येऊन अकरावी सायन्सला पहिल्या बाकावर बसलेली मी त्या वर्गात मला रोज दिसायची. तेव्हा "कळलं का?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतील. फळ्यावर बोलावून करायला सांग, आणि अडलं की स्वाहिलीत समजाव, तोडकीमोडकी का असेना. तुझ्या चुकांना ती हसतील. हसू दे. बाई चुकल्या की पोरांची भीड चेपते. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात छडी दिसेल. तू ती हातात घेऊ नकोस, पण पहिल्याच दिवशी त्यावर भाषणही देऊ नकोस. माझ्या वर्गात छडी नसते हे सहकाऱ्यांना तीन महिन्यांनी आपोआप दिसलं, आणि दोघांनी मग कारण विचारलं. ते दोघं भाषणानं आले नसते.

आता पैसा. तुला सगळे 'म्हिंदी' म्हणणार, आणि म्हिंदी म्हणजे दुकानाचा मालक ही समजूत पिढ्यांची आहे. ती तू एकटी पुसणार नाहीस, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. लग्नाची कार्डं येतील, त्यांवर किती मचांगो, म्हणजे वर्गणी, अपेक्षित ते लिहिलेलं असेल. मयतीलाही वर्गणी असते. तुझ्याइतकंच काम करणाऱ्या सहशिक्षिकेनं किती दिलं ते विचार आणि तेवढंच दे. कमी दिलंस तर कंजूष ठरशील, जास्त दिलंस तर तिला खाली पाहावं लागेल. एखादं पोरगं गणवेशासाठी, वह्यांसाठी पैसे मागेल तर हातात देऊ नकोस, मुख्याध्यापकांमार्फत दे, आणि नाव न सांगता.

शहरात आपली माणसं भेटतील. बहुतेक गुजराती, काही शीख, तीन-चार पिढ्यांपासून तिथली. डाळ-पीठ-हिंग मिळेल, सणाला जेवायला बोलावतील, मायेची माणसं आहेत. पण त्यातलं कुणी नोकरांबद्दल, काळ्या माणसांबद्दल विशिष्ट सुरात बोलायला लागलं की तिथं मान हलवू नकोस. चहा अर्धा टाकून उठ. मी एकदा उठले नाही. त्याची बोच घरी घेऊन आले, आणि अंगणात माझी वाट पाहत बसलेल्या शेजारणीशी त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही.

तर ते सहा रविवार. मोशीत दर शनिवारी सगळ्या देशांचे स्वयंसेवक उतरतात. चांगली कॉफी, वाय-फाय, पिझ्झा, आणि एकमेकांच्या गावांची गाऱ्हाणी. वाईट काही नाही. पण तू पहिल्या आठवड्यापासून तिथं जायला लागलीस तर वर्षाअखेर तुला सहा देशांच्या मुलींचे फोन नंबर पाठ असतील आणि शेजारणीची गाय कुठल्या महिन्यात व्यायली ते माहीत नसेल. आठवडाभर तू कामात असतेस, गावही कामात असतं. माणसं भेटतात ती शनिवार-रविवारीच.

शनिवारी बाजार. भाजी किलोवर नाही, 'फुंगू'वर, म्हणजे वाट्यावर मिळते. आपल्या आठवडी बाजारात बाई मिरच्यांचे वाटे लावून बसते तसं. भाव फार करू नकोस, वर एक टोमॅटो टाकून घे, एवढ्यावर दोघींचं समाधान होतं. जुन्या परदेशी कपड्यांच्या ढिगाला मितुंबा म्हणतात, माझा सगळ्यात उबदार स्वेटर तिथलाच आहे. खांगा घे. आडव्या कापडाची जोडी असते आणि काठावर स्वाहिली म्हण छापलेली असते. म्हण वाचून, अर्थ विचारूनच घे. एखादी सरळ सवतीला टोमणा असते. मी न विचारता तसलाच नेसून शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते.

दुपारी शेतात. चागा लोकांच्या किहांब्यात, म्हणजे घराभोवतीच्या बागेत, वर केळी, तिच्या सावलीत कॉफी, खाली घेवडा आणि अळकुड्या. मधून पाण्याचे पाट खेळतात, डोंगरावरून पिढ्यान्पिढ्या आणलेले, आणि कुणाची पाळी कधी हे पाटकरी ठरवतात. धुळ्याकडची फड पद्धत पाहिली असशील तर लगेच उमगेल. कुंपणाला लांब पानांचं एक झुडूप दिसेल, त्याचं नाव मसाले. स्वयंपाकाशी त्याचा संबंध नाही. चागांमध्ये ते पान हातात घेऊन आलेल्या माणसाला क्षमा करावी लागते.

रविवारी चर्च. तू देवाधर्मातली नाहीस, माहीत आहे, मीही तिथं प्रार्थनेला जात नव्हते. पण गाव तिथं असतं. प्रार्थना लांबते, गाणी सुरेख होतात, आणि नंतर बाहेर लिलाव होतो. ज्यांच्याकडे रोख पैसे नसतात ते अंडी, केळीचा घड, कोंबडी देवाला देतात, आणि त्याची बोली लागते. आपल्या जत्रेतल्या नारळाच्या लिलावाची कळा. मी उत्साहात हात वर केला आणि एक जिवंत कोंबडा माझ्या काखेत आला. शाकाहारी बाईनं कोंबडा जिंकला ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. तो मी शेजारणीला दिला. त्यानंतर मला कुणी पाहुणी म्हणालं नाही, 'मामा इंडिया' म्हणायला लागले.

सातव्या रविवारी निघ. तोवर दालादालाच्या, म्हणजे तिथल्या वडापच्या, कंडक्टरला तू माहीत असशील, तुला कुठं उतरायचं ते तोच ओरडून सांगेल. नसेल सांगत तर "शूशा!" म्हण, उतरव. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, फार गरज असेल तरच; स्वतःचं हेल्मेट विकत घे आणि अंधारात अजिबात बसू नकोस. अंधाराचं लक्षात ठेव: तिथं सांजवेळ म्हणून काही नसते. साडेसहाला सूर्य बुडाला की अर्ध्या तासात मिट्ट काळोख. रविवारी पाचला घरात. लांबच्या बस माझ्या वेळी दिवसाच चालायच्या, २०२३ पासून रात्रीच्यांना पुन्हा परवानगी मिळाली आहे. मिळू दे, तू दिवसाचीच धर.

पहिली सहल पायी: मातेरूनीचा धबधबा. वाटेत कुणाच्या तरी अंगणात कॉफी भाजून, उखळात कांडून देतात, ती पी. दुसरी, मारंगूच्या दारातून मंदारा हटपर्यंत, सत्तावीसशे मीटर, दिवसात जाऊन-येऊन होतं. रानात काळी-पांढरी शेपटीवाली माकडं दिसतात. बरोबर परवानाधारक वाटाड्या लागतो आणि उद्यानाचं शुल्कही. शिखराचा नाद पहिल्या वर्षी करू नकोस. ५,८९५ मीटर म्हणजे पाच-सहा दिवसांचं आणि भरपूर पैशांचं काम, शनिवार-रविवारचं नाही, आणि विरळ हवा तरुण-म्हातारं बघत नाही. मी वर गेले नाही. माझ्या गावातली बहुतेक माणसंही गेलेली नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो डोंगर पाणी देतो, एवढं पुरे. तो पाहायचा तर पहाटे किंवा सूर्यास्ताला, एरवी ढगात असतो.

मग किकुलेत्वाचे झरे, बोमा न्गोंबेहून धुळीच्या रस्त्यानं. नाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं असलं तरी पाणी कोमटच, पण इतकं निळं आणि नितळ की तळाची मुळं मोजता येतात. वाहतं पाणी आहे, तिथं पोहायला हरकत नाही. लवकर जा, दुपारी गर्दी होते. केनियाच्या सीमेवरचं चाला सरोवर मात्र काठावरूनच बघ. २००२ साली एका तरुण परदेशी स्वयंसेविकेला तिथं पोहताना मगरीनं ओढून नेलं.

सुट्टी जोडून तीन-चार दिवस मिळाले तर झांझिबारपेक्षा लुशोतो. दार एस सलामच्या रस्त्यावर मोंबोला उतरायचं आणि घाट चढायचा. उसांबारा डोंगरांतली ही हवा, ही गावं मला सगळ्यात जवळची वाटली. आपल्या खिडक्यांत कुंडीत ठेवतात ती आफ्रिकन व्हायोलेट मूळची याच डोंगरांची. इरेंते कड्यावर उभी राहा, खाली मासाई माळरान पसरलेलं दिसतं. हॉटेलं साधी आहेत, रस्त्यावर रताळी भाजून मिळतात, आणि कुणी तुला काही विकायला मागे लागत नाही.

न्गोरोंगोरो एकदाच कर, सत्राच्या सुट्टीत, चौघी मिळून गाडी ठरवून. लोणारच्या काठावर तुला उभी केली होती, आठवतं? तो खड्डा पावणेदोन-दोन किलोमीटरचा. हा एकोणीसेक किलोमीटरचा, उल्केनं नाही, ज्वालामुखीचं तोंड खचून झालेला, आणि तळाशी सिंह-गेंडे-पाणघोडे. झांझिबार वर्षअखेरीस, दारहून बोटीनं दोनेक तास. खांदे-गुडघे झाकून फिर, रमजान असेल तर दिवसा रस्त्यात खाऊ नकोस. स्टोन टाऊनमध्ये फ्रेडी मर्क्युरी जन्मला, १९४६ साली. तिथले लोक अभिमानानं सांगतील. तू त्यांना सांग की शाळेला तो आमच्या पाचगणीत होता. चहा फुकट मिळेल.

फोटो कुणाचाही विचारल्याशिवाय काढू नकोस. मासाई म्हाताऱ्याचा तर नाहीच, आणि फाटक्या कपड्यातल्या पोरांचे देणग्यांसाठी म्हणून कुणी मागितले तरी नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप फोनवर सगळं बघतात.

परतीच्या दिवशी शेजारीण मला दालादालापर्यंत पोचवायला आली. डोक्यावर माझी बॅग, काखेत काही नाही, कारण काखेत असायचा तो कुकर मी तिच्याकडेच ठेवला होता. ती आता त्यात तुझंही शिजवेल. जायच्या आधी साताऱ्याला ये आणि तीन लिटरच्या कुकरच्या दोन रिंगा माझ्याकडून घेऊन जा. त्या मापाची मोशीत मला कुठंच मिळाली नव्हती. एक तुझ्या कुकरची, दुसरी तिला दे. तिची एव्हाना सैल झाली असणार.